कोपरापर्यंत चुडा

आपल्या मंडळाच्या गणपती अंकाचे संपादक दुकानात आले आणि म्हणाले, कुसुमताई, चाळीस वर्षं बांगड्या भरल्यात, यंदा त्यावर काहीतरी हलकंफुलकं लिहून द्या. गमतीदार गिऱ्हाइकं, कोणत्या साडीवर कोणत्या बांगड्या, वाचकांना बरं वाटेल असं. मी हो म्हटलं. लिहायला बसले तेव्हा ध्यानात आलं की वाचकांना बरं वाटावं अशी माझी मुळीच इच्छा नाही. निदान निम्म्या वाचकांना तरी नाही. तुमचे हात मी भरलेत, तुमच्या लेकीसुनांचे हात भरलेत, आणि कोणाच्या घरात कशावर पांघरूण घातलंय ते मला ठाऊक आहे. घाबरू नका, नावं लिहिणार नाही. पण बांगड्यांचे रंगही सांगत बसणार नाही.

आमचं घर कासाराचं. पूर्वज मराठी फौजेबरोबर झाशीला आले असं सांगतात. लढायला नव्हे, लढणाऱ्यांच्या बायकांचे हात भरायला. माझं माहेर झाशीतच, सासरही झाशीतच, आणि सीपरी बाजारातलं दुकान सासऱ्यांनी टाकलेलं. यजमान फिरोजाबादेहून माल आणायचे, मी हात भरायची. ते गेल्यावर माल पोहोचता होतो, हात मीच भरते. बाजारात मला कोणी मौसी म्हणतं, कोणी चूड़ीवाली अम्मा. मराठी घरांत कुसुमताई.

ज्यांनी आयुष्यभर तयार संच विकत घेऊन घातलेत त्यांच्यासाठी थोडं सांगते. हात मनगटाशी बारीक असतो आणि अंगठ्याच्या मुळाशी रुंद. बांगडी मनगटाला शोभेल अशी हवी, पण तिला जायचं असतं रुंद जागेतून. म्हणून आम्ही पंजा गोळा करतो, अंगठा तळहातात दाबून धरतो, साबणाचं बोट फिरवतो आणि काच तिरकी करून हाडावरून उतरवतो. यातलं खरं कौशल्य बोटांत नाही, बोलण्यात आहे. गिऱ्हाइकाला बोलतं ठेवायचं. बोलणाऱ्या बाईचा हात सैल पडतो. गप्प बसलेली पंजा आवळते आणि काच तडकते. तडकली तरी फुटली म्हणायचं नाही, वाढवली म्हणायचं. अशुभ नको म्हणून.

गमतीदार गिऱ्हाइकं हवीत ना, घ्या. सिविल लाइन्समधल्या एका साहेबांच्या बाईंना मी हात धरलेला चालायचा नाही. मैं खुद डाल लूँगी, म्हणायच्या. एका बैठकीत त्यांनी सात बांगड्या वाढवल्या आणि जाताना, माल कच्चा आहे असं सांगून गेल्या. दुसऱ्या एक बुंदेली सासूबाई दर सणाला सुनेला घेऊन यायच्या आणि सुनेच्या मापापेक्षा एक माप लहान बांगडी मागायच्या, म्हणजे हात नाजूक दिसेल. "मोड़ी कौ हाथ तौ मैदा है, तनक जोर लगाओ," म्हणजे पोरीचा हात मऊ आहे, जरा जोर लावा, असं मला सांगायच्या. सुनेच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि सासूबाई समाधानानं पान लावायच्या. झाली गंमत. आता मी माझ्या मुद्द्यावर येते.

हात धरला की बाही वर सरकते. मग काय दिसायचं ते दिसतं. पोळलेलं, चटका बसलेलं, नवऱ्यानं पिरगळलेलं, सगळं मी ओळखते. आणि काही हातांवर रेघा असतात. जुन्या पांढऱ्या, नव्या लालसर, एकीशेजारी एक. भाजी चिरताना लागलेलं असं ओळीत लागत नाही. विचारण्याच्या आतच उत्तर येतं, मांजरीनं ओरबाडलं. झाशीत इतक्या मांजरी असत्या तर उंदीर औषधालाही सापडला नसता. अकरावी-बारावीच्या मुली, कॉलेजातल्या मुली, एकदा एक दोन लेकरांची आई. त्या मांजर म्हणायच्या आणि मी हं म्हणायची. बाही खाली ओढून पुढची बांगडी घ्यायची.

मला वाटायचं, ही आमच्या धंद्याची रीत आहे. सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं की कासारणीनं दहा घरांत जायचं आणि एका घरचं दुसऱ्या घरात न्यायचं नाही. ते बरोबरच आहे. पण चहाडी न करणं आणि समोरच्या मुलीला काही न विचारणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कळायला मला साठी गाठावी लागली.

वीसेक वर्षांपूर्वी गुरसरायकडच्या एका जुन्या मराठी घरात लग्नाचा चुडा भरायला गेले होते. आपल्याकडे नवरीला हिरवा चुडा कासारणीनं हातानंच भरायचा असतो. एका हातात एक बांगडी जास्त भरायची, आणि आकडा चुकू नये म्हणून मोठ्यानं मोजत भरायचं. सगळ्या बायका भोवती बसतात. त्या दिवशी मात्र नवरीच्या आईनं मला तासभर आधी बोलावलं, आतल्या खोलीत नेलं आणि कडी लावली. मुलगी पलंगावर बसली होती. आईनं तिची बाही दुमडली आणि मला म्हणाली, "कुसुमताई, कोपरापर्यंत भरा. फोटोत काही दिसता कामा नये."

मी त्या हाताकडे पाहिलं. मुलगी भिंतीकडे पाहत होती. मी काय केलं असेल? मी विचार करायला लागले की हे जमवायचं कसं. कोपराकडे हात जाड होत जातो, एकाच मापाच्या बांगड्या वर थांबत नाहीत, घसरून मनगटावर गोळा होतात. मी सर्वांत मोठ्या मापाच्या बांगड्या आधी चढवल्या, मग त्याहून लहान, मग त्याहून लहान, आणि मनगटाशी लाखेचं घट्ट कडं बसवलं, म्हणजे वरचं काही खाली येणार नाही. एक, दोन, तीन, चार. मुलगी एक शब्द बोलली नाही, पण तिचा हात अगदी सैल होता. इतका सैल हात मी कधी धरला नव्हता. एकही बांगडी वाढवली नाही.

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं माझी ओटी भरली, जरीची साडी दिली. ती साडी मी तीन लग्नांत मिरवली. आणि अभिमान काय विचारता, आठवडाभर यजमानांना सांगत होते की मापं कशी उतरती लावली आणि खाली लाखेचं कडं कसं बसवलं. पुढच्या काही वर्षांत आणखी पाच-सहा घरांतून बोलावणी आली. कोणी कारण सांगायचं नाही. फक्त एवढंच म्हणायचं, तुम्ही कोपरापर्यंत छान भरता असं ऐकलंय. झाशीच्या मराठी घरांत माझं नाव झालं ते यासाठी. यातल्या काही घरांत हा अंक जाईल. वाचा.

गुरसरायची ती मुलगी चार वर्षांनी दुकानात आली. दुपारची वेळ होती, बाजार पेंगत होता. मी ओळखलं आणि हसून हात पुढे केला. तिनं दिला नाही. ज्येष्ठाच्या उन्हात पूर्ण बाह्या घातल्या होत्या. काउंटरवर दोन्ही हात ठेवून ती म्हणाली, "मौसी, आपने उस दिन देख लिया था. फिर भी आप गिनती रहीं."

मी तिला काय उत्तर दिलं ते लिहायची लाज वाटते, म्हणून लिहिते. मी म्हटलं, कोणता रंग दाखवू?

तिनं एक डझन बांगड्या कागदात बांधून घेतल्या आणि गेली. पुन्हा आली नाही. आज ती कुठं आहे, कशी आहे, मला माहीत नाही. विचारायला तोंड मीच ठेवलं नाही.

आता पल्लवी. हे नाव खरं नाही, पण माणूस माझं आहे. माझ्या धाकट्या भावाची, अनिलची मुलगी. हा लेख तिनं वाचलाय, एका ठिकाणी मी तिला बिचारी म्हटलं होतं ते तिनं खोडलंय, आणि मग छापायला हो म्हटलंय. मागच्या वर्षी मे महिन्यात तिचं लग्न ठरलेलं होतं. वय बावीस. घरात चुडा मी भरणार हे वेगळं सांगायला नको होतं, आत्या आणि कासारीण एकाच बाईत. पोर भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचे कुडते घालत होती आणि आम्ही सगळे म्हणत होतो, हल्लीची फॅशन. मी, जिनं आयुष्यभर बाह्या वर केल्या, तीसुद्धा फॅशनच म्हणत होते.

चुड्याच्या दहा दिवस आधी स्मिता, म्हणजे अनिलची बायको, दुकानात आली. स्टुलावर बसली, पदराशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "ताई, पल्लवीला कोपरापर्यंत भराल ना? तुम्ही भरता तसं."

मला आधी काही ऐकूच आलं नाही. मग सगळं एकदम ऐकू आलं. मी दुकान उघडं टाकून अनिलच्या घरी गेले. आणि मग मी जे केलं ते इथं लिहिते, कारण तुमच्यापैकी कोणीतरी उद्या हेच करायला निघालं असेल. ज्या हातानं परक्या मुलींचे हात हळुवार धरले, त्याच हातानं मी माझ्या भाचीचं मनगट पकडलं आणि तिच्या आईसमोर बाही ओढून वर केली. काय कमी केलं तुला आम्ही, असं विचारलं. आईबापाचा विचार केलास का, असं विचारलं. देव्हाऱ्यासमोर उभं करून, पुन्हा असं करणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. तिनं घेतली. मला वाटलं, काम झालं.

अनिल संध्याकाळी घरी आला. त्याला स्मितानं आधीच सांगितलेलं होतं आणि त्यानं आधीच निकाल लावलेला होता. म्हणाला, नाटक आहे आक्का, लक्ष वेधायचं. लग्न झालं की अक्कल येईल. स्मितानं इजा होईल अशा घरातल्या वस्तू कपाटात कुलूपबंद केल्या, न्हाणीघराची कडी काढून टाकली आणि रोज सकाळी हात तपासायला सुरुवात केली. जेवणाच्या आधी पोरीनं हात पुढे करायचे आणि आईनं बघायचं. चौथ्या दिवसापासून पल्लवी ताटावर यायची बंद झाली. शपथेचं म्हणाल तर ती अधिक नीट लपवायला शिकली, एवढाच त्या शपथेचा उपयोग.

माझ्या एका गिऱ्हाइकानं, सरकारी दवाखान्यातल्या नर्सनं, मला सांगितलं की तिथं एक समुपदेशक बाई बसतात, त्यांना भेटा. मी एकटीच गेले. पल्लवीपेक्षा दहाच वर्षांनी मोठी असेल अशी मुलगी, खुर्ची मोडकी, पंखा आवाज करणारा. मी अर्धा तास बोलले. घराणं, संस्कार, मुलाकडचे किती चांगले, पोरीला काही म्हणता काही कमी नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आपने पल्लवी से पूछा?"

मी म्हटलं, रोज विचारतो. काय विचारता, असं ती म्हणाली. मी बोटांवर आठवायला लागले. का केलंस. पुन्हा केलंस का. लोक काय म्हणतील. सासरी कळलं तर. तिनं माझी बोटं बघितली आणि शांतपणे म्हणाली, "और यह किसी ने पूछा, कि तकलीफ़ क्या है?"

कोणीही विचारलं नव्हतं. आई, बाप, आत्या, मावशी, आजी, सगळी शिकलेली माणसं, आणि एकाही शहाण्याला हे सुचलं नव्हतं.

त्या बाईनं मला जे सांगितलं ते मला कळलं तसं सांगते. जे माणूस स्वतःला इजा करून घेतं ते बहुतेक वेळा लक्ष वेधायला करत नाही. लक्ष वेधायचं असतं तर मे महिन्यात पूर्ण बाह्या कशाला घातल्या असत्या? आत काहीतरी इतकं साचतं की ते सोसवत नाही, सांगता येत नाही, आणि मग ते शरीरावर काढलं जातं. घटकाभर बरं वाटतं. मग लाज येते, लाजेनं आणखी साचतं, आणि चाक फिरत राहतं. ते चाक शपथेनं थांबत नाही. ओरडल्यानं, रडल्यानं, रोज हात तपासल्यानंही नाही, त्यानं लाज तेवढी वाढते. जखम असेल तर आदळआपट न करता ती धुवायची, बांधायची, गरज असेल तर दवाखान्यात न्यायचं. काय दूर ठेवायचं ते तिच्याशी बोलून ठरवायचं, चोरासारखी झडती घ्यायची नाही. आणि तिला मरावंसं वाटतं का, हे सरळ विचारायचं. मी म्हटलं, अहो, विचारलं तर डोक्यात भरेल. ती म्हणाली, भरत नाही, विचारलं की बोलायला वाट मिळते. उत्तर हो आलं तर तिला एकटं सोडायचं नाही आणि त्याच घटकेला दवाखाना गाठायचा.

मी दुसऱ्या दिवशी पल्लवीला दुकानात घेऊन आले. दुपारी, गिऱ्हाईक नसताना. काचेच्या बाजूला बसवलं नाही, टिकल्यांची पाकिटं रंगाप्रमाणे लावायला दिली. हाताला काम असलं की जीभ मोकळी होते, हे मला धंद्यानं शिकवलंय. पण धंद्यात बोलायचं मी असते. या वेळी मी गप्प बसायचं होतं, आणि माझा जीव किती गुदमरला ते मलाच माहीत. त्याआधी एकच बोलले. मी तुझी बाही ओढली ते चुकलं, असं म्हटलं. ती पाकिटं लावत राहिली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी लाल टिकल्यांचं पाकीट हातात धरून बोलायला लागली. आपल्या मुलांसारखीच ती, मराठी सगळं कळतं, पण मनातलं आलं की हिंदीत येतं.

"आत्या, अंदर इतना शोर होता है कि कुछ सुनाई नहीं देता. उसके बाद थोड़ी देर चुप. फिर खुद से घिन आती है."

कधीपासून, असं मी विचारलं. अकरावीपासून, म्हणाली. पाच वर्षं. या पाच वर्षांत मी तिला किती संक्रांतींना बांगड्या दिल्या, कागदात बांधून, तू घाल हं घरी जाऊन, असं म्हणून. दुकानात गर्दी असते ना.

मग मी तिला विचारलं, तुला मरावंसं वाटतं का गं. ती म्हणाली, कभी कभी लगता है सुबह न हो. पण मरायचं नाहीये मला, आत्या. मग म्हणाली की तिला हे लग्न आत्ता नको आहे, आणि हे तिनं बाबांना तीनदा सांगितलंय. तिसऱ्या वेळी त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

दुसऱ्याच दिवशी मी तिला त्या समुपदेशक बाईंकडे नेलं, आणि सकाळ न व्हावी असं वाटतं ते तिनं स्वतः त्यांना सांगितलं. चुड्याला दोन दिवस उरले होते.

चुड्याच्या दिवशी मी पेटी घेऊन अनिलच्या घरी गेले. बाहेरच्या खोलीत बायका जमल्या होत्या, हळदीकुंकवाचं तबक तयार होतं. मी अनिल, स्मिता आणि पल्लवी यांना आतल्या खोलीत बोलावलं. पेटी उघडली. पहिली बांगडी हातात घेतली आणि पल्लवीला विचारलं, "भरू का?"

एवढ्या वर्षांत मी शेकडो नवरीमुलींचे हात भरले. एकीलाही हे विचारलं नव्हतं. विचारायची रीतच नाही.

पल्लवी म्हणाली, "नको, आत्या."

मी पेटी बंद केली. अनिल मला म्हणाला, आक्का, तू माझं घर मोडायला आलीस. मग आणखी बरंच बोलला, ते मी लिहीत नाही, तो माझा भाऊ आहे. मी म्हटलं, बाजारात तयार संच मिळतात, आणून घाल तुझ्या हातानं, पण त्यासाठी तुला तिचा हात धरावा लागेल. तो बाहेर निघून गेला. पल्लवीनं त्याच दिवशी मुलाला फोन करून स्वतः सगळं सांगितलं. मुलाकडच्यांनी आधी तारीख पुढे ढकलली, मग लग्न मोडलं. त्यांनी वाईट शब्द काढला नाही, हे मान्य करायला हवं. वाईट शब्द आपल्याच मंडळातून आले. कासारणीनं भाचीचं लग्न मोडलं, पोरीच्या डोक्यात काहीतरी आहे, अंगात आलंय, कोणाकडे तरी दाखवा. तीन बायकांनी माझ्याकडे येणं सोडलं. त्यातल्या एकीच्या मुलीचा हात मी कोपरापर्यंत भरलेला आहे. तिला मी इथून विचारते, बाई, तुमची मुलगी कशी आहे?

आधी बदलली ती स्मिता. पहिल्या महिन्यात ती मला बघून तोंड फिरवायची. मग एक दिवस समुपदेशक बाईंच्या खोलीबाहेर बाकावर बसलेली दिसली, पल्लवीची पर्स मांडीवर घेऊन. त्याच आठवड्यात तिनं सुतार बोलावला आणि न्हाणीघराची कडी परत बसवली. काय बाहेर ठेवायचं, काय आत, ते दोघींनी बसून ठरवलं. रोज सकाळी हात बघणं बंद झालं. त्याऐवजी ती नुसती शेजारी बसून चहा घेते. सुरुवातीला दोघी काही बोलायच्या नाहीत. अजूनही फार बोलत नाहीत.

अनिल माझ्याशी चौदा महिने बोलला नाही. रक्षाबंधनाला आला नाही. एका गावात, दोन किलोमीटरवर.

पल्लवी बरी झाली का, असं मला जे आडून विचारतात त्यांना सांगते. आठवड्यातून एकदा ती समुपदेशनाला जाते. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात, त्या घेते. दुपारी दुकानात असते. काचेचं काम माझ्याकडे, लाखेची कडी आणि टिकल्या तिच्याकडे, हे तिनंच ठरवलंय. बरेच दिवस बरे जातात. मग एखादा वाईट येतो. तेव्हा ती म्हणते, आत्या, आज मी नुसती बसते. मी बस म्हणते आणि कारण विचारत नाही. दोनदा परत तसं झालं. दोन्ही वेळा तिनं स्वतः येऊन सांगितलं. मी जखम धुतली, पट्टी बांधली, आणि मग आतल्या खोलीत जाऊन भिंतीवर डोकं टेकून उभी राहिले. रडले की चिडले ते सांगता येत नाही. तिच्यावर चिडले नव्हते हे नक्की.

मागच्या महिन्यातली गोष्ट. दुपारी दुकानात एक बुंदेली मुलगी नव्या सुनेच्या थाटात बसली होती. मी तिचा हात धरून भरत होते, मोजत होते. अनिल आला. स्टुलावर बसला. केस पार पिकलेत त्याचे. पंख्याकडे बघत हळूच म्हणाला, "आक्का, तिला विचारायचं काय असतं?"

मला इतका राग आला की बांगडी हातातून सुटली असती. साठीला टेकलेला माणूस, कंपनीत शंभर माणसांवर हुकूम चालवलेला, आणि पोटच्या पोरीला काय विचारायचं हे बहिणीला विचारायला आला, तेही चौदा महिन्यांनी. मला बरंच बोलायचं होतं. पाठ करून ठेवलं होतं. पण मी मान आतल्या बाजूला वळवली आणि म्हटलं, मला काय विचारतोस, ती तिथं बसलीये.

तो उठला. पल्लवी पाकिटं लावत होती. तो तिच्यासमोर उभा राहिला, हात खिशात घातले, बाहेर काढले, आणि कोणीतरी मोठ्यानं वाचायला लावल्यासारखा म्हणाला, "पल्लवी, दुखतं का गं तुला?"

तिनं पाकीट खाली ठेवलं. "हां, बाबा," ती म्हणाली. "बहुत."

तो तिथंच, फरशीवर, तिच्या पायाशी बसला.

माझ्या हातातली मुलगी वाट बघत होती. सात भरल्या होत्या की आठ, मला काही आठवेना. "काए मौसी," ती म्हणाली, "गिनती भूल गईं का?"

"हओ बिटिया," मी म्हटलं, "भूल गई."